औषधांच्या चुका आणि वर्षातून एकदाची कार्यशाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुग्णालयात दरवर्षी सुरक्षित औषध व्यवस्थापनावर दिवसभराची कार्यशाळा होते. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट सगळे हजर असतात, शेवटच्या चाचणीत बहुतेकांना नव्वदच्या वर गुण पडतात, क्रेडिट पॉइंटही मिळतात. तरी वॉर्डातल्या चुका तशाच चालू राहतात. मग पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात काय बदलावं?

माझं उत्तर असं की विषय वाढवू नका, कमी करा. आणि त्याआधी, कुठल्या चुका शिकवून सुटणारच नाहीत, त्या बाजूला काढा.

कार्यशाळा अगदीच निरुपयोगी असते असं नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ सालच्या आढाव्यात अशा शैक्षणिक सभा आणि कार्यशाळांच्या ८१ चाचण्या तपासल्या होत्या. शंभर प्रसंगांमागे साधारण सहा जास्त प्रसंगांत काम अपेक्षेप्रमाणे झालं, इतकाच फरक पडला. नुसत्या भाषणापेक्षा भाषण आणि प्रत्यक्ष सहभाग यांचं मिश्रण बरं ठरलं, आणि वागणं जितकं गुंतागुंतीचं तितका परिणाम कमी. औषध देणं हे गुंतागुंतीचंच काम आहे. लिहिणारा एक, पोचवणारा दुसरा, तयार करणारा तिसरा, देणारा चौथा, आणि यातला कुणीही पूर्ण वेळ एकाच रुग्णापाशी नसतो. तेव्हा दिवसभराच्या कार्यशाळेकडून सहाच्या ऐवजी साठची अपेक्षा ठेवली, तर निराशा ठरलेलीच.

चाचणीच्या गुणांबद्दलही थोडं. दुपारी चार वाजता, शांत खोलीत, चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडता येणं ही एक क्षमता झाली. रात्री दोन वाजता एक फोन वाजतोय, एक नातेवाईक विचारतोय, पंप बीप करतोय, अशा वेळी तेच उत्तर सुचणं ही वेगळी. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत नर्सच्या औषध देण्याच्या कामाचं प्रत्यक्ष निरीक्षण करणारा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात कामात आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे वैद्यकीय चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. त्या नर्सना औषधांची माहिती नव्हती म्हणून हे झालं नाही.

म्हणून पहिलं काम वर्गात नाही, टेबलावर आहे. मागच्या सहा महिन्यांचे इन्सिडन्ट फॉर्म, म्हणजे चुका नोंदवायचे फॉर्म, काढा. ते थोडेच निघतील. मग फार्मसीकडून वॉर्डात गेलेल्या दुरुस्त्यांची नोंदही मागवा, कारण खरा माल तिथे असतो: कुणाचा डोस कमी करायला लावला, कुठलं औषध किडनीचा रिपोर्ट पाहून बदलायला सांगितलं, कुठल्या दोन औषधांची जोडी थांबवली. प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा: ‘या माणसाला हे माहीत असतं, तर चूक टळली असती का?’ उत्तर ‘हो’ असेल तेवढ्याच नोंदी प्रशिक्षणाच्या. बाकीच्या व्यवस्थापनाच्या, आणि त्या व्यवस्थापनाकडेच परत पाठवायच्या.

उदाहरणं घ्या. वॉर्डात औषधच नव्हतं म्हणून रात्रीचा डोस चुकला. यावर कुठला वर्ग घेणार? तीव्र पोटॅशियम क्लोराइडची (थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पाडू शकणारं) अँप्यूल इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या अँप्यूलशेजारी ठेवली होती. तिथे ‘लेबल नीट वाचा’ असं शिकवण्यापेक्षा ती अँप्यूल साध्या वॉर्डातून उचलून नेणं हा उपाय आहे, आणि तो जगभर मान्य आहे. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध चुकून पाठीच्या कण्यात टोचलं की बहुतेकदा मृत्यूच ओढवतो. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलेला उपाय व्याख्यानाचा नव्हता. ते औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीत घाला, म्हणजे ते कण्यात देण्याच्या सुईला जोडण्याचा प्रश्नच येत नाही. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट रोज लिहिलं जाणं ही आणखी एक जुनी, जीवघेणी चूक. संगणकावर प्रिस्क्रिप्शन होत असेल तर ‘रोज’ हा पर्याय निवडताच कारण विचारणारी अडवणूक बसवता येते. जिथे अशी अडवणूक शक्य आहे तिथे माणसाच्या आठवणीवर भार टाकू नये. सुरक्षिततेच्या उपायांची ताकदीनुसार उतरंड लावली, तर ‘प्रशिक्षण’ आणि ‘परिपत्रक’ सगळ्यात खाली येतात. शिकवणाऱ्या माणसाने हे मान्य करणं जरा जड जातं, पण करावं.

छाननीनंतर जे उरेल ते शिकवायचं. तेही सगळं एकदम नाही. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), तीव्र क्षारद्रव्यं, लहान मुलांचे डोस: या पाचांत गंभीर इजेचा मोठा वाटा असतो. एका महिन्याला एक विषय, एवढाच वेग ठेवा. ‘औषध-सुरक्षेची मूलतत्त्वं’ नावाचं सत्र मी तरी आता घेत नाही. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ ही यादी सगळ्यांना पाठ असते. चूक करणाऱ्यालाही ती पाठच होती.

डोसच्या गणितावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक कार्यक्रम ते चुकीच्या जागी शिकवतात. कागदावर वीस उदाहरणं सोडवून घेतात. गुणाकार-भागाकार कुणाला येत नाही असं क्वचित असतं; घोळ होतो तो गणित मांडताना. काय कशाने भागायचं, हे हातातल्या बाटलीवरून ठरवावं लागतं आणि बाटलीवर जे छापलंय ते डोक्यातल्या एककाशी जुळत नाही. अ‍ॅड्रेनालिन घ्या. १:१००० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, आणि १:१०,००० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅम. हे शांतपणे विचारलं तर सांगणारे पुष्कळ, पण समोर रुग्णाचा श्वास अडकलेला असताना शून्यं मोजणं वेगळं. अमेरिकेत २०१६ पासून अ‍ॅड्रेनालिनच्या लेबलवरून ही गुणोत्तराची पद्धतच काढून टाकली, ती याचसाठी. जिथे ती अजून छापलेली दिसते, तिथे दोन्ही अँप्यूल हातात देऊन, ‘प्रौढ रुग्णाला अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) झालाय, स्नायूत ०.५ मिलिग्रॅम द्यायचंय, भरा’ असं सांगा. वेळ लावा. कोण किती भरतो ते बघा.

शिरेतून द्यायचं पॅरासिटामॉल हे दुसरं उदाहरण, आणि माझ्या मते प्रत्येक बालरोग विभागाने ते करून पाहावं. बाटली १०० मिलिलिटरची, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. चार किलोच्या बाळाला किलोमागे ७.५ मिलिग्रॅम ठरवलं तर होतात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ३ मिलिलिटर. कुणी तीस मिलिग्रॅमच्या जागी तीस मिलिलिटर लावले तर डोस दहापट झाला, आणि बाटलीत अजून सत्तर मिलिलिटर शिल्लक! बघणाऱ्याला काही खटकत नाही. हीच चूक वीस किलोच्या मुलात झाली तर बाटली पुरणार नाही, दुसरी मागवावी लागेल आणि कुणीतरी थांबेल. म्हणजे रुग्ण जितका लहान तितकी चूक झाकली जाण्याची सोय जास्त. हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून दाखवले की लोक क्षणभर गप्प होतात. पण बाटली हातात धरून, मिलिलिटर मोजून दाखवले की लक्षात राहतात.

यातून एक सवय लावता येते, ती कुठल्याही सूत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. गणित करण्याआधी अंदाज बांधायचा: साधारण किती मिलिलिटर, किती अँप्यूल, किती गोळ्या? एका डोससाठी तीन-चार अँप्यूल फोडाव्या लागतायत किंवा एका वेळी सहा गोळ्या होतायत, तर हात थांबला पाहिजे. अपवाद असतात, पण थोडे.

इन्सुलिनमध्ये तर सिरिंजच फसवते. जिथे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट, अशा दोन्ही तीव्रतेच्या व्हायल वापरात असतात, तिथे १०० युनिटवालं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ‘२०’ च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट केलं तर फक्त ८. शिवाय हाताने लिहिताना ‘युनिट’ शब्दाऐवजी नुसतं इंग्रजी अक्षर ‘यू’ लिहिलं की ते शून्यासारखं वाचलं जातं, दहाचे शंभर होतात. हे सगळं सांगायला दहा मिनिटं पुरतात. व्हायल, दोन्ही सिरिंज आणि एक खरा चार्ट, नाव झाकलेला, एवढं साहित्य लागतं.

सत्र असं दहा-पंधरा मिनिटांचंच असावं, शिफ्ट बदलताना, वॉर्डातच. आणि सहा आठवड्यांनी त्याच गटाकडे परत जावं, न सांगता, वेगळा चार्ट घेऊन. एकदा ऐकलेलं विसरलं जातं यात लोकांचा दोष नाही. पुन्हा आठवायला लावलं की टिकतं. दिवसभराच्या कार्यशाळेचे सहा तास असे वर्षभर वाटून टाकले तर खर्च तोच राहतो. रात्रपाळीवाल्यांना विसरू नका. बहुतेक कार्यक्रम दिवसा होतात आणि ज्यांना मदतीला कुणी नसतं तेच त्यातून वगळले जातात.

या सत्राला फक्त नर्स बोलवू नयेत. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनच्या चुकांवर २००९ साली एक मोठा अभ्यास झाला होता. सव्वा लाखाच्या आसपास औषधांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या ८.९ टक्क्यांत चूक होती. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांत ८.४ टक्के, दुसऱ्या वर्षाच्यांत त्याहून जास्त, १०.३, आणि अनुभवी कन्सल्टंटांतसुद्धा ५.९. म्हणजे ‘इन्टर्न लोकांना शिकवा’ हे उत्तर पुरत नाही. त्यातली बहुतेक प्रकरणं रुग्णापर्यंत पोचण्याआधी अडवली गेली होती, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यामुळे. पण याला दुसरी बाजू आहे. पुढे कुणीतरी पकडेलच, या भरवशावर लिहिणारा ढिला पडतो. तिघं एकत्र बसले की हा भरवसा उघडा पडतो. फार्मासिस्ट सांगतो की मला रुग्णाचं वजन दिसतच नाही. नर्स सांगते की तुमचं अक्षर कळलं नाही की आम्ही कालच्या डोसवरून अंदाज करतो. डॉक्टरला हे पहिल्यांदाच समजतं.

विचारायचं कसं हेही शिकवावं लागतं. ‘शंका असेल तर विचारा’ हे वाक्य प्रत्येक पोस्टरवर असतं आणि त्याने काही होत नाही, कारण प्रश्न धैर्याचा नसून शब्दांचा असतो. शब्द तयार असले तर माणूस बोलतो. ‘सर, पेशंटचं वजन बावन्न किलो आहे, हा डोस मला जास्त वाटतोय. आपण एकदा दोघं बघू या का?’ यात आरोप नाही, आकडा आहे, आणि पुढे काय करायचं तेही आहे. उत्तर टाळलं गेलं तर दुसरं वाक्य: ‘मला अजूनही शंका आहे, तोवर मी औषध देत नाही, सीनिअरना फोन करते.’ ही वाक्यं तोंडाने म्हणायला लावा. जोडीदाराला चिडलेल्या डॉक्टरचं काम द्या. आणि वरिष्ठांसाठी याच सत्रात उलटा सराव ठेवा: रात्री तीनचा फोन, विचारणाऱ्याची शंका चुकीची निघाली, आणि तरी तुम्ही ‘बरं झालं विचारलंस’ असं म्हणायचं. वरिष्ठ एकदा फोनवर ओरडला की तो वॉर्ड वर्षभर विचारत नाही. तुमच्या सगळ्या स्लाइड त्या एका फोनपुढे हरतात.

तोंडी ऑर्डरचंही तसंच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर सारखेच ऐकू येतात. ऐकणाऱ्याने ‘वन-फाइव्ह’ असं अंक सुटे करून परत म्हणायचं, सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. दोन मिनिटांत शिकवून होतं.

दुहेरी तपासणीवर लोकांचा फार विश्वास असतो. तिचा पुरावा मात्र आपण समजतो तितका भक्कम नाही. प्रत्यक्षात काय होतं? पहिली नर्स म्हणते, ‘सहा मिलिलिटर, बरोबर ना?’ दुसरी सही करते. याला तपासणी म्हणता येत नाही. दुसऱ्या व्यक्तीने चार्ट पाहून स्वतः हिशेब करायचा, पहिलीचं उत्तर न ऐकता, आणि मग दोन्ही आकडे समोरासमोर ठेवायचे. असं करायला वेळ लागतो, म्हणून ते मोजक्याच औषधांसाठी ठेवा. सगळ्याच औषधांना लावलं की सगळीकडे नुसत्या सह्याच होतात.

रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तेव्हाच्या चुका हा स्वतंत्र विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्मी करण्याची मोहीम सुरू केली. तिने तीन जागांवर बोट ठेवलं: जोखमीचे प्रसंग, एकाच वेळी पुष्कळ औषधं, आणि हे स्थलांतर. इथे प्रशिक्षणाचा एकच प्रकार मला खरोखर उपयोगी वाटतो. इन्टर्नला रुग्णापाशी बसवा, घरून आणलेली औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करायला सांगा, आणि ‘कुठली गोळी घेता?’ याऐवजी ‘ही कशी घेता?’ असं विचारायला सांगा. मग ती यादी केसपेपरवरच्या यादीशी ताडून पाहायची. फरक निघाल्याशिवाय राहत नाही: दोन वेगळ्या नावांनी एकच औषध, बंद केलेली पण चालू असलेली गोळी, डोळ्यांचे थेंब आणि इन्हेलर जे कुणी औषधात धरतच नाही. असे दोन रुग्ण केले की इन्टर्न पुन्हा कधी ‘पूर्वीची औषधं चालू ठेवा’ एवढंच लिहून मोकळा होत नाही.

ऑनलाइन कोर्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवीन भरती झालेल्यांना नियम, फॉर्म, संगणकाची पद्धत दाखवायला ठीक. सवय बदलायला नाही.

यंत्रांचं शिक्षण मात्र बऱ्याच ठिकाणी अर्धवट होतं. बारकोड तपासून औषध देण्यावर २०१० साली एक अभ्यास आला. त्यात वेळेच्या चुका सोडून बाकीच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या. उत्तम. पण रुग्णाच्या मनगटावरची बारकोडची पट्टी ओली झाली, कोड वाचला जात नाही, रुग्ण एक्स-रेला गेलाय, तेव्हा काय करायचं? हे शिकवलं नाही तर लोक स्वतःच वाट काढतात: रुग्णांच्या पट्ट्या छापून ट्रॉलीला लावतात आणि तिथेच स्कॅन करतात. अमेरिकेत २०१७ साली एका नर्सने औषधांच्या यांत्रिक कपाटातून मिडॅझोलॅम या गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनिअम काढलं आणि रुग्णाचा मृत्यू झाला. तिने मिडॅझोलॅमच्या ‘व्हर्सेड’ या व्यापारी नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरं टाकली होती आणि कपाटाची अडवणूक ओलांडली होती. तिच्यावर २०२२ साली फौजदारी गुन्हा सिद्ध झाला, आणि चूक सांगितली की तुरुंग, असा धसका जगभरच्या नर्सनी घेतला. हे प्रकरण सत्रात जरूर घ्या. पण ‘ती कशी चुकली’ एवढ्यावर थांबू नका. ‘आपल्याकडे अशी अडवणूक दिवसातून किती वेळा ओलांडली जाते, आणि का?’ असं विचारा. स्नायू लुळे पाडणारं औषध वॉर्डातल्या माणसाच्या हाती येतंच कसं, हेही.

तुमच्याच रुग्णालयातली ताजी चूक शिकवायला सगळ्यात चांगली, पण हाताळायला सगळ्यात अवघड. वॉर्ड ओळखू येत असेल तर सांगू नका, किंवा ज्यांच्याकडून झाली त्यांची परवानगी घ्या. एकदा कुणाला सगळ्यांसमोर ओशाळं केलं की इन्सिडन्ट फॉर्म बंद. व्यवस्थापनालाही आधीच सांगून ठेवा की चांगलं प्रशिक्षण झालं तर नोंदवलेल्या चुकांची संख्या वाढेल. ती कमी झाली तर मला काळजी वाटते.

मग यश मोजायचं कशावर? नोंदवलेल्या चुकांवर नाही, चाचणीवर नाही, आणि ‘तुम्हाला आत्मविश्वास वाटतो का’ या फॉर्मवर तर मुळीच नाही. डॉक्टरांनी स्वतःबद्दल केलेलं मूल्यमापन आणि त्यांचं प्रत्यक्ष कौशल्य यांची सांगड २००६ सालच्या एका आढाव्यात घातली होती. २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ फारसा नव्हता, किंवा उलटाच होता. त्यापेक्षा दर महिन्याला प्रत्येक वॉर्डातले दहा चार्ट कुठलेही उचला आणि त्या महिन्याच्या विषयाला धरून दोनच गोष्टी बघा. इन्सुलिनच्या महिन्यात: ‘युनिट’ पूर्ण लिहिलंय का, आणि साखर कमी झाली तर काय द्यायचं ते आधीच लिहिलंय का. मुलांच्या महिन्यात: वजन आहे का, आणि किलोमागचा डोस लिहिलाय का. आकडा त्या वॉर्डाला कळवा. असा अभिप्राय देण्यावर २०१२ साली १४० अभ्यासांचा आढावा निघाला होता. परिणाम सरासरीने लहानच, पण काही अटी पाळल्या की वाढतो: अभिप्राय सहकाऱ्याकडून किंवा वरिष्ठाकडून यावा, एकदाच नको, तोंडी आणि लेखी दोन्ही असावा, आणि पुढचं लक्ष्य व ते गाठायचं कसं हे त्यात स्पष्ट असावं. मुळात जिथे काम कच्चं तिथे फायदा जास्त. म्हणून सुरुवात सगळ्यात चांगल्या वॉर्डापासून करण्याचा मोह टाळा.

व्यवस्थापनाकडे मागायचं असेल तर हॉल आणि जेवण मागू नका. एका फार्मासिस्टचा आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस वॉर्डासाठी मागा, आणि सत्राच्या पंधरा मिनिटांत नर्सचं काम सांभाळायला एक जादा माणूस. हे दोन्ही मिळाले तर पहिला महिना इन्सुलिनचा ठेवा. दहा चार्टची पहिली मोजणी मात्र सत्र सुरू होण्याआधीच करून घ्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?